अंतराळशेतीची बंद पेटी: सूक्ष्मजीवांची वस्ती कशी बसवायची आणि कशी राखायची

ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांनी तिथेच ‘व्हेजी’ नावाच्या उपकरणात वाढवलेलं लाल रोमेन लेट्यूस चाखलं. त्याआधी पानं सायट्रिक आम्ल असलेल्या ओल्या रुमालांनी पुसून घेतली होती. आदल्या वर्षीचं पहिलं पीक तर कुणाला खाऊच दिलं नव्हतं, ते तपासणीसाठी पृथ्वीवर परत आणलं होतं. बियाणं निर्जंतुक केलेलं, मुळांसाठीची भाजलेल्या चिकणमातीची खडीही निर्जंतुक केलेली. तरीही पानांवर आणि मुळांवर जिवाणू आणि बुरशींची चांगली दाट वस्ती सापडली. २०१४ ते २०१६ या काळातल्या पिकांचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इ. कोलाय, साल्मोनेला आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे तीन धोकादायक जिवाणू मात्र त्यात आढळले नाहीत.

यावरून माझं मत असं झालं आहे की बंद पेटी निर्जंतुक ठेवायचा हट्ट सोडावा. मुळं साखर आणि आम्लं पाझरत असतात, पाणी कोमट असतं, ओल भरपूर असते. अशी जागा मोकळी राहत नाही. ती आपण निवडलेल्या सूक्ष्मजीवांनी आधी भरावी आणि पुढे तिथे कोण राहतंय याची नोंद ठेवावी, एवढंच आपल्या हातात आहे. हा लेख ते कसं करायचं याबद्दल आहे: टेबलावर मावेल अशी एक पेटी, लेट्यूसची चार रोपं, आणि अंतराळातल्या जीवनाधार यंत्रणेत सूक्ष्मजीव जी कामं करतात त्यांची छोटी पण खरी प्रतिकृती. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा हौसेने हायड्रोपोनिक्स (मातीविना, पोषक पाण्यावरची शेती) करणाऱ्याला घरीही जमेल. पीएच (आम्लता) आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारे मीटर, अमोनियम-नायट्राइट-नायट्रेट तपासायचे संच आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर एवढं मोजायचं साहित्य हवंच. त्याशिवाय सुरुवात करू नका.

खरेदीआधी आकडेमोड

समजा पेटी ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच आहे. म्हणजे १४४ लिटर हवा, साधारण ६ मोल. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो, तेव्हा या पेटीत तो जेमतेम २.५ मिलिमोल भरतो. आता पानांनी ०.२४ चौरस मीटरचं पूर्ण क्षेत्र झाकलंय आणि ती दर चौरस मीटरला सेकंदाला १० मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड घेतायत असं धरा. भागाकार केला की उत्तर येतं सतरा-अठरा मिनिटं. पातळी घसरते तसा घेण्याचा वेगही मंदावतो, म्हणून हवा अगदी शून्यावर जात नाही. पण अर्ध्या तासाच्या आत झाडं उपाशी पडलेली असतात.

बंद यंत्रणांची खरी अडचण ही आहे. पृथ्वीवर हवा आणि समुद्र यांचा साठा एवढा प्रचंड आहे की एखाद्या शेतातली चूक त्यात विरून जाते. लहान पेटीत साठाच नसतो, त्यामुळे सूक्ष्मजीवांचा श्वास थेट मीटरवर दिसतो. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ प्रकल्पाचं उदाहरण याच कारणासाठी आठवावं. १९९१ मध्ये आठ माणसं त्या काचेच्या इमारतीत राहायला गेली आणि पुढच्या सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मातीत सेंद्रिय पदार्थ भरपूर घातले होते, मातीतले जिवाणू ते खात होते आणि ऑक्सिजन ओढत होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांपर्यंत पोहोचण्याआधी बराचसा काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे लवकर उमगलंही नाही.

आणखी दोन आकडे काढून ठेवा. वरच्याच वेगाने १६ तास उजेड दिला तर रोज सुमारे ४ ग्रॅम सुकं वजन तयार होतं. लेट्यूसच्या सुक्या वजनात नायट्रोजन ४ ते ५ टक्के धरला, तर झाडांना रोज ०.२ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन लागतो. पुढचा सगळा बेत या ०.२ ग्रॅमवर उभा आहे.

बंद करण्याचा क्रम: आधी पाणी, मग हवा, शेवटी कचरा

तिन्ही फेरे एकदम बंद करणाऱ्याला बिघाडाचं कारण कधीच सापडत नाही. पहिलं पूर्ण पीक हवा मोकळी ठेवून घ्या, फक्त पाणी फिरतं ठेवा. दुसऱ्या पिकात हवा बंद करा. तिसऱ्यात कुजवण्याची बाटली जोडा. घाई करणाऱ्यांसाठी सांगतो: यातली पहिली पायरीच सर्वात जास्त वेळ खाते, आणि ती नायट्रीकरणाची, म्हणजे जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घेण्याची आहे.

पेटी, टाक्या, नळ्या

पोषकद्रावणाची टाकी १५ लिटरची, पूर्ण अपारदर्शक. उजेड आत गेला की शेवाळ आलंच. नायट्रीकरणासाठी वेगळं ३ लिटरचं भांडं, त्यात प्लास्टिकच्या खाचदार चकत्या आणि तळाशी हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा). मत्स्यपालनात वापरतात त्या चकत्यांना लिटरमागे अर्धा चौरस मीटर किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग असतो. चांगल्या परिस्थितीत एक लिटरभर चकत्या आपल्या ०.२ ग्रॅमला पुरतात. पण अमोनियम कमी असलेल्या पाण्यात वेग घसरतो, म्हणून भांडं मोठं घ्या आणि चकत्या दीड ते दोन लिटर घाला.

नळ्यांचा विषय क्षुल्लक वाटतो, पण तिथेच पुढे डोकेदुखी होते. जिथे पाणी फिरत नाही असा बंद फाटा, उगाच लावलेला सांधा, नळीचा खोलगट वाक या जागांवर बायोफिल्म म्हणजे जिवाणूंचा चिकट थर आधी बसतो. अंतराळ स्थानकावरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतही सांडपाण्याच्या बाजूला असा थर साचून मार्ग तुंबल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि तिथली यंत्रं काही निष्काळजीपणे बांधलेली नसतात. नळ्या आखूड ठेवा, हाताने उघडता येतील असे सांधे वापरा, आणि प्रत्येक नळीचा एक तुकडा पारदर्शक ठेवून त्यावर काढता येणारी काळी पट्टी गुंडाळा. आठवड्याला पट्टी सरकवून आत पाहायचं.

पेटीच्या एका भिंतीला थंड पत्रा लावा, म्हणजे पानांनी सोडलेली वाफ तिथे जमून खाली गोळा होईल. पूर्ण वाढलेली रोपं या क्षेत्रात दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी हवेत सोडतात. हे जमलेलं पाणी फेकायचं नाही. ते नायट्रीकरणाच्या भांड्यात जाईल, तिथून नायट्रेट घेऊन मुख्य टाकीत परतेल. नायट्रोजन पोहोचवण्याचं काम हेच पाणी करेल.

इथे जमिनीवरच्या प्रतिकृतीची मर्यादा सांगायला हवी. गुरुत्वाकर्षण नसेल तर बुडबुडे वर जात नाहीत आणि पाणी खाली गळत नाही. ते मुळांभोवती जाड गोळ्यासारखं चिकटून राहतं आणि मुळं गुदमरतात. त्यामुळे हवेचा दगड, गळणारी नळी, उताराची पन्हळ यांपैकी काहीच कक्षेत जसंच्या तसं चालत नाही. तिथे पडद्यातून वायू पाण्यात सोडावा लागतो आणि पाणी वातींनी खेचावं लागतं. आपण फक्त जीवशास्त्र तपासतोय, यंत्ररचना नाही.

बियाणं

एक-दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात दहा मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्याने चार-पाच वेळा धुणं. एवढं पुरे. स्थानकासाठीचं बियाणं ब्लीच आणि आम्लाच्या संयोगातून निघणाऱ्या क्लोरीन वायूत ठेवून शुद्ध केलं जातं. ते वायुशोषक कपाटात, प्रशिक्षित माणसाने करायचं काम आहे. घरी ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल मिसळू नका, तो वायू जीवघेणा आहे.

या शुद्धीने बियाण्याचं फक्त बाहेरचं अंग स्वच्छ होतं. बीजाच्या आतल्या पेशींमध्ये काही जिवाणू आईकडूनच आलेले असतात आणि अंकुरासोबत ते बाहेर पडतात. बहुतेक निरुपद्रवी, काही चक्क उपयोगी. म्हणजे पहिले रहिवासी तुम्ही दार लावायच्या आधीच आत असतात.

नायट्रीकरणाचं विरजण

माणसाच्या लघवीतला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात असतो. जिवाणू त्याचा अमोनिया करतात, दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट, आणि तिसरे नायट्राइटचं नायट्रेट. झाडांना नायट्रेट मानवतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘मेलिसा’ या बंद जीवनाधार यंत्रणेच्या प्रकल्पात (१९८९ पासून चालू आहे, आणि बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात त्याचा प्रायोगिक संयंत्र-संच आहे) हे काम एका स्वतंत्र कप्प्याला दिलं आहे. त्यात नायट्रोसोमोनास युरोपिया आणि नायट्रोबॅक्टर विनोग्राड्स्की असे दोनच नामांकित जिवाणू ठेवतात. कप्पा वेगळा का, याची कारणं आपल्यालाही लागू आहेत. या जिवाणूंना पीएच ७ ते ८ आणि २५ ते ३० अंश सेल्सिअस आवडतं. लेट्यूसच्या मुळांना पीएच ६ च्या आसपास आणि २० अंश. एकाच टाकीत दोघांना ठेवलं की दोघंही कुरकुरतात. शिवाय हे जिवाणू सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना साधारण अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवस लागतात. उजेडही त्यांना सहन होत नाही.

विरजण म्हणून बाजारात मिळणारं जिवंत नायट्रीकारक कल्चर घ्या. चालू मत्स्यटाकीच्या गाळणीतला स्पंजही काम करतो, पण त्यासोबत कोण कोण येतंय ते कळत नाही. शेतातली माती किंवा शेणखत मात्र घालू नका. मुळकूज करणारे जीव त्यातून हमखास येतात, आणि पुढे जे खायचं आहे त्यात जनावरांच्या आतड्यातले जिवाणू नकोत.

भांड्यात २८ अंशांचं पाणी, पीएच ७.३, थोडं फॉस्फेट आणि सूक्ष्म मूलद्रव्यं, आणि लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रोजन भरेल इतकं अमोनियम सल्फेट. हवा सतत चालू. रोज तपासा. साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनियम उतरू लागतं आणि नायट्राइट चढतं. हा टप्पा पाहून अनेकांचा धीर सुटतो आणि ते पाणी बदलतात. बदलू नका. नायट्राइट खाणारे जिवाणू मागून येतात, आणखी दोन-तीन आठवडे द्या. अमोनियम आणि नायट्राइट दोन्ही एका दिवसात जवळपास शून्यावर येऊ लागले की मात्रा दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढवत न्या.

मग अमोनियम सल्फेटवरून युरियावर या. नायट्रोसोमोनास युरोपियाला युरिया फोडता येत नाही, ते काम करणारे वेगळे जिवाणू लागतात. उघड्या पद्धतीने चालवलेल्या भांड्यात ते आपोआप येऊन बसतात. ०.२ ग्रॅम नायट्रोजनसाठी ०.४३ ग्रॅम युरिया लागतो. तो दिवसातून एकदाच ओतू नका. तीन लिटरच्या भांड्यात एकदम एवढा अमोनिया झाला तर त्याचा मुक्त अंश नायट्राइट खाणाऱ्या नायट्रोबॅक्टरलाच दाबून टाकतो आणि नायट्राइट पुन्हा साचतं. निदान चार हप्ते करा. छोटा डोसिंग पंप असेल तर उत्तम.

आम्लाचा हिशेब इथे फार सुंदर जुळतो, म्हणून जरा थांबतो. अमोनियमपासून नायट्रेट होताना नायट्रोजनच्या प्रत्येक अणूमागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे पाणी आम्ल होत जातं. युरिया फुटताना मात्र प्रत्येक अणूमागे एक हायड्रोजन आयन वापरला जातो, आणि झाडाने नायट्रेट उचललं की जवळपास आणखी एक. बेरीज शून्याच्या आसपास येते. म्हणूनच युरियावर चालणारा पूर्ण फेरा पीएच बऱ्यापैकी स्वतःच सांभाळतो, आणि अमोनियम सल्फेटवर चालणारा सतत आम्लाकडे घसरतो. भांड्यातला पीएच तरीही ७ खाली आला तर पोटॅशियम बायकार्बोनेट घाला. खायचा सोडा नको, त्यातलं सोडियम या बंद पाण्यातून कधीच बाहेर जाणार नाही.

ऑक्सिजनही मोजून ठेवा. एक ग्रॅम अमोनियम-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्या पेटीत तो दिवसाला ग्रॅमभरही नाही. पण माणसांसाठीच्या यंत्रणेत सूक्ष्मजीवांची ही भूक ताळेबंदात धरावीच लागते.

मुळांचे सोबती

रोपं लावण्याच्या आठवडाभर आधी मुख्य टाकीत अर्ध्या ताकदीचं पोषकद्रावण भरा (ईसी १ ते १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंमी) आणि त्यात ओळखीचे, नाव-वाण माहीत असलेले मूळरक्षक जिवाणू सोडा. बॅसिलस सबटिलिस आणि स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स हे दोन सहज मिळतात. बॅसिलसचे बीजाणू कोरडेपणात वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे लांबच्या प्रवासाला तो सोयीचा. त्याच गुणामुळे नको झाला तर तो हटवणंही अवघड. ट्रायकोडर्मा ही बुरशी मुळकुजीवर नावाजलेली आहे, पण बंद पेटीसाठी मी ती टाळतो. ती बीजाणू हवेत उधळते, आणि ज्या हवेत माणसं श्वास घेणार त्या हवेत बुरशीचे बीजाणू मुद्दाम सोडणं मला पटत नाही.

हे सोबती घालण्याचा मुख्य फायदा जागा अडवण्याचा आहे. मुळांनी पाझरलेली साखर आधीच कुणीतरी खात असेल, तर उशिरा आलेल्या रोगकारकाला ना अन्न मिळतं ना चिकटायला जागा. निर्जंतुक द्रावणात पिथियम हा मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव शिरला तर तो दोन-चार दिवसांत धुमाकूळ घालतो. वस्ती असलेल्या द्रावणात त्याची वाढ अडखळते. पण हे कवच अभेद्य नाही. डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी लेट्यूस फिरत्या यंत्रावर ठेवून भारहीनतेसारखी स्थिती निर्माण केली, तेव्हा साल्मोनेला समोर असूनही पानांची रंध्रं मिटली नाहीत. एरवी रंध्रांना सावरणाऱ्या बॅसिलसच्या वाणालाही तिथे ते जमलं नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे जमिनीवर उपयोगी ठरलेला जिवाणू कक्षेतही तसाच वागेल असं गृहीत धरता येत नाही.

पानांवर वेगळीच मंडळी असते. मिथायलोबॅक्टेरियम हे गुलाबी जिवाणू पानांतून सुटणाऱ्या मिथेनॉलवर जगतात. स्थानकावरच्या नमुन्यांतून त्यांची एक नवी जात मिळाली, तिचं नाव भारतीय शास्त्रज्ञ अजमल खान यांच्यावरून मिथायलोबॅक्टेरियम अजमली असं २०२१ मध्ये ठेवलं गेलं. ते आपण घालायची गरज नाही, ते स्वतःहून येतात.

रोपं, हवा आणि ओल

रोपं खऱ्या पानांची दुसरी जोडी आल्यावर लावा. टाकीतलं पाणी १८ ते २२ अंश, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या वर. २० अंशांना पाणी जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम धरू शकतं आणि ३० अंशांना साडेसात. तापमान वाढलं की मुळांचा श्वास महागतो आणि पिथियमला बळ येतं. दोन्ही एकाच वेळी. उजेड दर चौरस मीटरला सेकंदाला २०० ते २५० मायक्रोमोल, १६ तास.

हवेतली ओल ६० ते ७५ टक्के ठेवा आणि पानांवर सतत झुळूक राहू द्या. पानं जेमतेम हलताना दिसली पाहिजेत. डिसेंबर २०१५ मध्ये व्हेजीतल्या झिनियाच्या रोपांवर बुरशी पसरली, त्याआधी पानांच्या कडांवर पाण्याचे थेंब दिसू लागले होते. पाणी जास्त, ओल जास्त, पंख्याची गती कमी. नंतर त्या रोपांमधून फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी ओळखली गेली. अंतराळवीर स्कॉट केली यांनी बाधित भाग कापले, पंखा वाढवला, आणि ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपाकडे पाहून पाणी द्यायला सुरुवात केली. काही रोपं गेली, उरलेल्यांना जानेवारी २०१६ मध्ये फुलं आली. हे फ्युजेरियम बहुधा तिथे आधीपासून होतं. त्याला संधी ओलाव्याने दिली. पानाच्या कडेला सकाळी थेंब दिसले तर औषध शोधू नका, पंखा तपासा.

हवेचा फेरा बंद केल्यावर इथिलीनकडे लक्ष द्या. हा वायू झाडं सोडतात, काही बुरशीही सोडतात, आणि बंद जागेत तो साचतो. रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर १९९६-९७ मध्ये बुटक्या गव्हाला भरपूर ओंब्या आल्या, पण दाणे भरले नाहीत. त्याचं कारण केबिनमधल्या हवेतलं इथिलीन ठरलं. पानं खाली वळून लोंबू लागली आणि मुळं मात्र ठीक असली तर पोटॅशियम परमँगनेट लावलेल्या खड्यांची छोटी पुरचुंडी हवेच्या मार्गात ठेवा.

नोंदी

रोज: पीएच, ईसी, पाण्याचं तापमान, ओल, कार्बन डायऑक्साइड, आणि वास. वासाची चेष्टा करू नका. सडक्या अंड्याचा वास म्हणजे कुठेतरी ऑक्सिजन संपलाय, आणि तो मीटरच्या आधी नाकाला कळतो. अशा कोपऱ्यात दुसरंही नुकसान चालू असतं: जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. उघड्या शेतात याची कुणी फिकीर करत नाही, बंद फेऱ्यात मात्र तो साठा कायमचा खर्ची पडतो.

आठवड्यातून दोनदा अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट. मुख्य टाकीत नायट्राइट-नायट्रोजन लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर दिसला तर युरिया लगेच निम्मा करा.

पंधरवड्याला जिवाणूंची मोजदाद. पाण्याचे दशमांश पातळ करत नेलेले नमुने आर-२-ए अगारवर (जिवाणू वाढवायचं कमी पोषणाचं जेलीसारखं माध्यम) पसरून २५ ते २८ अंशांना पाच-सात दिवस ठेवायचे आणि वसाहती मोजायच्या. हे प्रयोगशाळेत करा. घरी वाढवलेल्या डिश उघडू नयेत आणि टाकण्याआधी ब्लीचमध्ये बुडवाव्यात. चालू द्रावणात मिलिलिटरमागे लाखाच्या घरात आकडा सहज निघतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाहायचं ते वळण: एका पंधरवड्यात दहापट उडी, किंवा डिशवर आधी पाच-सहा प्रकारच्या वसाहती होत्या आणि आता एकच. दुसरं लक्षण मला जास्त धास्तावतं. डिशवर न वाढणारे जिवाणू कितीतरी जास्त असतात, म्हणून जमेल तेव्हा नमुना डीएनए-वाचनासाठी पाठवा. अंतराळवीर केट रुबिन्स यांनी २०१६ मध्ये स्थानकावरच खिशात मावणाऱ्या यंत्राने डीएनए वाचून दाखवला, तेव्हापासून कक्षेतही ही तपासणी आवाक्यात आली आहे.

बिघडलं तर

मुळं तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल निघून आतला दोरा उरतो: पिथियमची मुळकूज. बाधित रोप मुळांसकट बाहेर, पाणी १८ अंशांवर, हवा दुप्पट. त्याचे पोहणारे बीजाणू पाण्यातूनच पसरतात, म्हणून पन्हळ सामायिक असेल तर ती तात्पुरती तोडा. पाणी पूर्ण बदलून टाकी ब्लीचने धुणं हा शेवटचा उपाय, कारण त्यानंतर टाकी पुन्हा रिकामी होते आणि आधी शिरेल त्याची ठरते. धुतलीत तर त्याच दिवशी सोबत्यांचं कल्चर परत घाला. नायट्रीकरणाच्या भांड्यापर्यंत ब्लीचचा थेंबही जाता कामा नये, नाहीतर महिना गेला.

अतिनील दिवा सगळ्यांना लावावासा वाटतो. पोषकद्रावणावर तो लावला की चिलेट केलेलं (विरघळलेलं राहावं म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं) लोह तुटतं आणि नवी पानं पिवळी पडतात, मग माणूस रोग समजून भलतंच करत बसतो. माझ्या मते दिव्याची योग्य जागा एकच: थंड पत्र्यावरून गोळा होणारं पाणी. त्यात लोह नसतं, राखायची वस्तीही नसते.

युरिया देऊनही नायट्रेट वाढत नाही आणि अमोनियम चढतंय तर क्रमाने पाहा: हवा, पीएच, तापमान, आणि शेवटी चकत्या फार घासल्या गेल्या का.

कापणी आणि खाणं

पहिली दोन पिकं खाऊ नका, तपासा. कापणीआधी हात धुवा, हातमोजे घाला. बंद पेटीत इ. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस येण्याचा मुख्य रस्ता माणूसच आहे. पानांना पोषकद्रावण लागू देऊ नका. बाहेरची पानं कापा आणि लगेच खा किंवा थंड करा. नासाने पॅकबंद अन्नासाठी जिवाणूंची जी मर्यादा ठेवली आहे, ग्रॅममागे २०,००० वसाहती, ती ताजी कच्ची पानं सहज ओलांडतात. त्यामुळे एकूण संख्येपेक्षा ठरावीक रोगकारक आहेत की नाहीत हे जास्त महत्त्वाचं. साल्मोनेलाबाबत सावधगिरी जास्तच हवी: २००६ च्या अंतराळयान फेरीत वाढवलेले हे जिवाणू परतल्यावर उंदरांना जास्त घातक ठरले होते. सायट्रिक आम्लाने पुसल्याने संख्या कमी होते, शून्य होत नाही. मानवी मूत्र किंवा मैला वापरून केलेलं काहीही या पातळीच्या पेटीत खाण्यासाठी वाढवू नका. म्हणूनच आपण युरिया वापरतोय.

कचरा परत फेऱ्यात

मुळं, बाहेरची पानं, देठ सुकवून बारीक करा. तीन लिटरच्या बाटलीत ५० ते ६० टक्के ओलावा ठेवून भरा आणि पेटीतलीच हवा पंपाने तिच्यातून फिरवा. पूर्ण वाढलेल्या झाडांना दिवसाला लागणारा कार्बन सुमारे ४ ग्रॅम सुका पाला पूर्ण कुजल्यावर मिळतो. लिग्निनवाला (लाकडासारखा कठीण) भाग मागे राहतो, तेव्हा प्रत्यक्षात जास्त भरावा लागतो. फक्त लेट्यूसच्या कचऱ्यावर ते भागणार नाही, पेंढ्याची भर लागेल.

रात्रीची अडचण मोठी आहे. झाडं घेणं थांबवतात, कुजणं चालूच राहतं. वरच्या वेगाने आठ तासांत पेटीतला कार्बन डायऑक्साइड सात-आठ हजार पीपीएमने चढतो. पंप सेन्सरला जोडा: ८०० पीपीएमखाली पेटीकडे, १५०० च्या वर बाटलीची हवा बाहेर. पंप पूर्ण बंद करू नका, बाटली ऑक्सिजनविना राहिली की दुर्गंधी आणि मिथेन सुरू होतं. कुजून उरलेल्या गाळातलं पाणी थेट मुळांना न देता नायट्रीकरणाच्या भांड्यातून फिरवून, गाळून द्या. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं.

क्षार आणि राखीव साठा

महिन्या-दोन महिन्यांनी ईसी योग्य दिसूनही रोपं खुरटली तर पाण्यातलं सोडियम आणि क्लोराइड तपासून घ्या. ईसी मीटरला सगळे क्षार सारखेच दिसतात. लिटरमागे सोडियम १०० मिलिग्रॅमकडे सरकलं की एक तृतीयांश पाणी बदला. खऱ्या यंत्रणेत माणसाच्या लघवीतून रोज काही ग्रॅम सोडियम येतं आणि बहुतेक पिकांना ते नको असतं. ते वेगळं काढणं हा अजून चालू असलेला अभियांत्रिकीचा प्रश्न आहे.

भांडं नीट चालू लागल्यावर मूठभर चकत्या त्याच पाण्यात बुडवून, झाकण सैल ठेवून, ४ अंशांवर अंधारात ठेवा. बाटलीवर तारीख आणि त्या दिवसाचा पीएच लिहा. काही आठवडे हा साठा टिकतो. दर महिन्याला जुन्या काढून भांड्यात टाका, नव्या ठेवा. मुख्य भांडं मेलं तर या चकत्या २८ अंशांच्या पाण्यात घालून लिटरमागे ५ मिलिग्रॅम अमोनियम-नायट्रोजन द्या. तीन दिवसांत अमोनियम उतरू लागलं नाही तर तो साठा गेला असं समजा आणि नवं कल्चर मागवा. तोपर्यंत झाडांना तयार नायट्रेटचं खत चालू ठेवा.